पुस्तकातली बाई

वाघडोह, ता. चामोर्शी
मंगळवार, ९ जानेवारी २०२४

प्रिय दादा,

नमस्कार. बाबा आणि माय बरे आहेत, मीही बरी. धान चुरून घरात आलं. बांधीत लाखोरीचं पीक चांगलं उगवलं आहे. थंडी मात्र यंदा फार, सकाळी तलावावरचं धुकं लवकर हटत नाही. अंगणवाडीत पोरं उशिरा येतात, आणि सध्या कमीच येतात.

तुझा फोन बंद आहे. कॉलेजच्या ऑफिसात लावला तर 'सर रजेवर आहेत' एवढंच सांगून ठेवून दिला. लोक फोनवर शिव्या देत असतील म्हणून तू बंद केला असशील, असं मी घरात सांगितलं. उद्या चामोर्शीला मीटिंग आहे, तिथूनच हे पत्र स्पीड पोस्टानं टाकते. खोलीवर असशील तर मिळेल.

तुझा माफीनामा पोचला. गाव आता शांत आहे. काळजी करू नकोस.

हे वाक्य लिहून मी चूल पेटवायला गेले होते. परत येऊन वाचलं, आणि खोडावं वाटलं. खोडत नाही. गाव शांत आहे हे खरंच आहे. पण कसं शांत आहे ते तुला सांगायला पाहिजे, नाहीतर तू तिकडे बसून समजशील की सही केली आणि मिटलं.

दिवाळीत तू पुस्तक आणलंस तेव्हा बाबांनी हात धुऊन ते घेतलं होतं आणि देवाजवळ ठेवलं होतं. धर्माचा अभ्यास कसा करतात हे कॉलेजच्या पोरांना अगदी पहिल्यापासून समजावणारं पुस्तक, असं तू म्हणालास. "पूजा शिकवते का?" मायनं विचारलं. "नाई माय, पूजा करनाऱ्याकडं कसं पाहाचं ते शिकवते," तू म्हणालास. तिला हसू आलं. "त्यात पाहाचं काय?"

त्यात आपल्या तलावावरच्या डोहमायवर दोन पानं आहेत हे तू सांगितलं नव्हतंस. आम्हाला ते गुणवंतराव काकांच्या राजदीपच्या मोबाईलवर दिसलं. त्याच्या मंडळानं तलावाच्या पाळीवर सिमेंटचं देऊळ बांधायला काढलं आहे, हे तुला माहीत आहे. 'जगदंबा माता जागृत देवस्थान' असा बोर्डही रंगवून झाला. आणि नेमकं तेव्हाच कोणीतरी नागपुरातून ते पान त्याला पाठवलं. तलावाची पाळ दर पावसात फुटत होती, म्हणून बांधणाऱ्यांनी एका मजूर बाईला पाळीत गाडलं, तिच्या नावाचा दगड म्हणजेच आजची देवी, असं गावातले जुने लोक सांगतात, हे तू लिहिलं आहेस. देवीला मजूर बाई केलं, गावच्या पूर्वजांना खुनी केलं, असं म्हणत राजदीपनं ते पान साऱ्या ग्रुपवर फिरवलं.

रविवारी समाजमंदिरासमोर बैठक झाली. सगळं गाव होतं. आपले ढिवर तर होतेच, पलीकडच्या टोलीतलेही आले होते. राजदीपनं पान मोठ्यानं वाचलं. दादा, तो वाईट वाचत नाही. त्याच्या आवाजात तुझे शब्द ऐकताना मला आतून थंडी वाजायला लागली.

गुणवंतराव काका बाबांना म्हणाले, "मनसारामभाऊ, तू पुजारी हायेस. हे खोटं हाये म्हून सांगून टाक, विषय खतम. पोराचं पाहू मंग."

बाबा उठले. मला वाटलं ते तसं म्हणतील. खरं सांगते, मला वाटत होतं त्यांनी म्हणावंच. पौष पौर्णिमेची पूजा अडीच आठवड्यांवर आलेली. त्या पूजेआधी तलावात गावाचं मोठं जाळं पडत नाही, आणि ती पूजा बाबांशिवाय कोणी केली नाही. एक शब्द बोलायचा आणि घरी यायचं.

बाबा म्हणाले, "दगड बाईचाच हाये. माह्या बापानं मले सांगतलं, मी पोराले सांगतलो."

एकच गलका झाला. काका हात वर करून सगळ्यांना बसवत होते. बाबा तसेच उभे. मग ते म्हणाले, "पोराले मी अर्धंच सांगतलो. तिले पाळीत उतरवलं ते आपल्याच घरच्या मानसानं. म्हून तिची पूजा आपल्या घरात हाये. तो मान नोहे गुणवंतराव, तो दंड हाये. आता मी खोटं म्हनलो तं ते बाई दुसऱ्यांदा गाडल्या जाईन."

हे तुला माहीत होतं का? मला नव्हतं. मायला होतं. तिच्या चेहऱ्यावरून कळलं.

मंडळाची पोरं उठली. कोणीतरी बाबांच्या खांद्याला धक्का दिला. ते पडले नाहीत, बाजूलाच उभ्या वारलूकाकांनी धरलं. तेव्हा राजदीप म्हणाला, "अजून आयका. पुढं काय लिवलं ते आयका." आणि त्यानं दुसरं पान वाचलं.

ते तुला पाठ असेल. तरी लिहिते, कारण आम्ही ते त्या दिवशी पहिल्यांदा ऐकलं. 'तेथील एका मासेमार स्त्रीने तापाने बेशुद्ध झालेला मुलगा वाचावा म्हणून भर थंडीत तलावाच्या पाण्यात उभे राहून नवस केला आणि त्यानंतर कधीही मासा खाल्ला नाही. मुलगा औषधाने वाचला की नवसाने, हा प्रश्न अभ्यासकाचा नाही. या नवसाने त्या स्त्रीच्या जगण्याला कोणता अर्थ दिला, एवढेच त्याने पाहावे.'

सगळ्या बाया मायकडे पाहायला लागल्या. गावात मासा न खाणारी ढिवराची बाई एकच.

"पाहा देवकाबाई," राजदीप म्हणाला, "तुमच्या पोरानं तुमालेही नाई सोडलं. तुमच्या नवसाचा बी तमाशा केला."

माय बायांमधून उठून पुढे गेली. डोक्यावरचा पदर सरळ केला. आयुष्यात ती कधी बैठकीत बोलली नव्हती. म्हणाली, "ते बाई मी होय. पानी छातीवरी होतं. हे आताच्यावानी थंडी होती. त्यानं जे लिवलं ते खरं हाये. फक्त नाव नाई लिवलं, तं मी सांगून राह्यली. देवकाबाई मनसाराम. अन् तो पोरगा सुरेंद्र."

एवढं बोलून ती खाली बसली. गुणवंतराव काका खाली मान घालून पायाच्या अंगठ्यानं माती उकरत होते. त्यांचाही भाऊ त्याच वर्षी हिवतापानं गेला होता, तुला आठवत असेल. शेवटी ते म्हणाले की पौर्णिमेपर्यंत थांबू, मनसारामभाऊनं विचार करावा, आणि बैठक उठली. येताना दोन-तीन बाया मायसोबत घरापर्यंत चालत आल्या. त्या संध्याकाळी मला वाटलं, आपण यातून निघू.

सोमवारी तुझा माफीनामा आला.

राजदीपनं तो ग्रुपवर टाकला आणि मग स्वतः घरी आला. बाबा ओट्यावर जाळं शिवत होते. त्यानं शांतपणे वाचून दाखवलं. 'सदर मजकूर ऐकीव असून निराधार आहे. गावातील एका वृद्ध व्यक्तीच्या सांगण्यावर विसंबून तो लिहिला गेला. त्याबद्दल मी बिनशर्त माफी मागतो.' खाली तुझी सही.

"आता तं तुमचाच पोरगा म्हनते, बाबा," राजदीप म्हणाला. तो चिडवत नव्हता. त्यालाही ते ऐकवताना बरं वाटत नव्हतं, असं मला वाटलं. किंवा मला तसं वाटून घ्यायचं असेल.

बाबांनी पुन्हा वाचायला लावलं. मग विचारलं, "वृद्ध व्यक्ती म्हंजे मीच ना?"

आज सकाळी बाबा तलावावर गेले तेव्हा त्यांच्यासोबत डोंग्यात बसायला कोणी आलं नाही. उघड कोणी काही बोलत नाही. तुमचा पोरगाच खोटं म्हणते अन् तुम्ही खरं म्हणता, एवढंच हसून बोलतात. मी ग्रुपवर लिहिलं, 'माझे बाबा खोटं बोलत नाहीत.' मला ग्रुपमधून काढलं. अंगणवाडीत आज सहा पोरं होती. असं शांत आहे गाव.

तू सही का केलीस ते मी विचारत नाही. आम्हाला त्रास होऊ नये म्हणूनच केली असशील. पण करायच्या आधी मला एक फोन का नाही केलास? मी तुला सांगितलं असतं की ते दोघं आदल्या दिवशी सगळ्या गावापुढे उभे राहून काय बोलले.

तुझं पुस्तक मी काल पूर्ण वाचून काढलं. चांगलं आहे, दादा. खरं की खोटं हे जरा बाजूला ठेवून माणसाकडे पाहा, हे तू इतकं सोपं करून सांगितलं आहेस की माझ्यासारखीलाही समजलं. पण आपलं घर दोन खोल्यांचं आहे. इथे बाजूला ठेवायला जागा नाही.

आता जे सांगायचं राहिलं ते सांगते. पहिल्या ओळीपासून ते टाळत आले आहे.

काल संध्याकाळी मायनं मरळ मासळी रांधली. बाबांना वाढली, मला वाढली. मग तिनं आपल्या ताटात एक तुकडा घेतला. मी पाहतच राहिले. बाबा म्हणाले, "देवका, नको."

ती म्हणाली, "औषधानं का नवसानं, हा प्रश्न त्याचा नाई म्हने. मंग कोनाचा हाये? आता तं तो निराधार म्हनते. मी कायले पाळू?"

आणि तिनं खाल्ला. सावकाश, काटे काढून, सगळा. बाबा ताटावरून उठून बाहेर गेले.

भांडी घासताना तिचा राग उतरला. मग तिनं मला विचारलं, "सुरेंद्रचा फोन लागला का?" मी नाही म्हटलं. थोड्या वेळानं पुन्हा विचारलं. आज सकाळपासून तिनं दुसरं काही विचारलेलं नाही. तिनं नवस मोडला आणि तुझा फोन बंद आहे, एवढंच तिच्या डोक्यात आहे. फोन आधीपासून बंद आहे हे मी किती वेळा सांगितलं. तिला ते ऐकूच जात नाही. दुपारी ती तलावावर गेली आणि पाण्याच्या काठाशी उभी राहिली. मी तिला हाताला धरून घरी आणलं. आज माझं ऐकून आली. पुढचं मला माहीत नाही.

पुस्तकाचं काय करायचं, माफीचं काय करायचं, ते तू ठरव. तू शिकलेला आहेस. पण फोन सुरू कर. आधी मायशी बोल. माझ्याशी भांडायचं असेल तर नंतर भांड, मी भांडेन.

वाट पाहते.

तुझी धाकटी बहीण,
रंजीता



नागपूर
मंगळवार, १६ जानेवारी २०२४

माय अन् बाबा,

नमस्कार. रंजीता, हे पत्र दोघं सोबत बसले असन तेव्हाच वाच, अन् मधातलं काही गाळू नको.

माय, मी बरा आहो. शुक्रवारी तुहं पत्र वाचल्याबरोबर, म्हंजे रंजीताचं, फोन केलो. माहा आवाज आयकून तू फोन तिले देऊन टाकला. तेव्हापासून मनात तुह्याशीच बोलून राह्यलो. पुस्तकातली भाषा तुह्यापुढं चालत नाई, म्हणून घरी बोलतो तसंच लिवतो.

कॉलेजात काही लोक आले होते. प्राचार्यांच्या खोलीत बसले. कागद तयारच होता, मले फक्त सही कराची होती. 'गावाकडं तुमचे आईवडील आहेत, विचार करा,' असं एक जण म्हणाला. मी तुमच्यासाठी सही केली, असं तुमाले सांगाचं ठरवलं होतं. ते पुरतं खरं नाई. माही नोकरी कायम नाई, दर वर्षी नवीन ऑर्डर निंगते. मी माह्यासाठी बी घाबरलो. अन् बाबा, त्या कागदावरचं 'वृद्ध व्यक्ती' मी सही कराच्या आधी वाचलं होतं. वाचून केली.

आपल्या घरात पूजा काऊन आली, हे तुमी मले कधीच सांगतलं नाई. सांगतलं असतं तं मी तेही लिवून टाकलं असतं. म्हणूनच सांगतलं नसन.

शनिवारी मी माफी मागं घेतली. लेखी. पुस्तकात आहे ते गावानं जपलेलं आहे, मले ते माह्या वडिलांनी सांगतलं, त्यांचं नाव मनसाराम, अन् नवस करणारी माही आई देवकाबाई, असं लिवून कॉलेजले, प्रकाशकाले अन् राजदीपले पाठवलं. कॉलेजनं वर्गावर येऊ नका म्हणून सांगतलं. प्रकाशकानं पुस्तक विकणं थांबवलं. पुन्हा निंगन का नाई, ते तो सांगत नाई. राजदीपनं तो कागद ग्रुपवर टाकला नाई, म्हणून मी गुणवंतराव काकाले फोन केलो. ते म्हणाले, "पूजा कोन करन ते पाळीवर ठरन. तुले बोलाचं असन तं तोंडानं बोल, इथी येऊन. कागद लय झाले."

माय, तू मासा खाल्ली म्हणून मले काही झालं नाई. पण मनातून काढून टाक, असंही मी म्हणणार नाई. तुह्या नवसाचं मी तुले शिकवणारा कोन?

तू विचारलं, औषधानं का नवसानं, हा प्रश्न कोनाचा. मले दवाखान्यातली सुई आठवते. तुहे थंडगार हात बी आठवतात, माह्या कपाळावर ठेवलेले, अन् तुह्या लुगड्यातून खाटेखाली गळणारं पाणी. यातलं एक ठेवून दुसरं काढून टाकाचं, हे मले जमत नाई. पोरांले शिकवताना मी म्हणतो, अभ्यास करणाऱ्यानं हा प्रश्न बाजूले ठेवावा. ते शिकवणं चुकीचं नाई. पण मी तो बाजूले ठेवला, कारण तो माहा होता अन् मले त्याची भीती वाटत होती. एक स्त्री लिवलं की आपली माय लिवावी लागत नाई.

नवस पुन्हा धराचा का सोडाचा, ते तू अन् डोहमाय पाहून घ्या. मी मधात येत नाई. फक्त एकटी पाण्यावर जाऊ नको.

पौर्णिमेच्या आदल्या दिवशी, बुधवारी येतो. दुपारच्या बसनं फाट्यावर उतरन. मले घ्याले कोनी येऊ नका, गाडी पाठवू नका. शेतातल्या वाटेनं लवकर पोचता येते, पण मी मोठ्या रस्त्यानंच येईन, राजदीपच्या घरावरून, समाजमंदिरावरून, पायी, सगळ्यांले दिसन असा. कोनी थांबवलं तं थांबन. विचारन त्याचं उत्तर देईन, अन् पुढं येईन.

भीती वाटते. तरी येतो.

तुमचा,
सुरेंद्र